मुरूडचे केस, खापरखेड्याचे पाणी

गेल्या ईदला आमच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीने आपली सगळी ईदी एकाच वस्तूवर खर्च केली. बांगड्या घेतल्या नाहीत, आइस्क्रीम खाल्ले नाही. बाजारातून तिने केस सरळ करण्याच्या क्रीमचा डबा आणला आणि दप्तरात वह्यांच्या मागे लपवून ठेवला. रात्री अंथरुणात तिने मोठ्या चुलत बहिणीला हळूच विचारले, "आपा, हे लावल्यावर माझे केस तुझ्यासारखे होतील ना?" आपा शहाणी. तिने डबा उचलला आणि आमच्या हातात आणून दिला. त्या रात्री आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात उशिरापर्यंत बसून होतो. पोरीवर रागवावे असे दोघींनाही वाटले नाही. तिला हा डबा आणावासा वाटला, यात आमचा वाटा किती, हेच आम्ही मोजत होतो.

हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. आमच्यातली एक कामठीची, दुसरी मुरूडची. घर खापरखेड्याला, जिथे खिडकी उघडली की वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच इथे आहेत, आणि गावातल्या निम्म्या घरांची भाकरी या ना त्या मार्गाने कोळसा आणि विजेशीच बांधलेली आहे. कामठीवालीचे केस सरळ, लांब, तेल लावले की चमकणारे. मुरूडवालीचे केस काळेभोर, दाट आणि स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले. ओढले तर कमरेपर्यंत येतील, सोडले तर खांद्यावर जाऊन बसतील. मुलगी तिची, आणि केस हुबेहूब आईचे.

हे केस आले कुठून, हे आमच्याकडे लग्नानंतर कितीतरी वर्षे कुणी विचारले नाही. मुरूडवालीच्या नानीचे घराणे सिद्दी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हबशी माणसे शेकडो वर्षांपूर्वी कोकणात आणि दख्खनमध्ये आली. कुणी गुलाम म्हणून आणले गेले, कुणी खलाशी आणि सैनिक म्हणून आले. १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत जंजिरा संस्थानावर सिद्दी नवाबांचीच राजवट होती. ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर, आणि ज्याच्या नावाने नहर-ए-अंबरी ओळखली जाते, तो मलिक अंबरही हबशीच. त्याची कबर खुलताबादला आहे. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळकडे आणि आपल्या सीमाभागातल्या बेळगाव, धारवाड जिल्ह्यांत सिद्दींच्या वस्त्या आहेत. गुजरातमधल्या जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा टीव्हीवर त्यांना पाहून आमची पोर म्हणाली होती, "अम्मी, या आपल्या नात्यातल्या आहेत का?" शेकडो वर्षांच्या सोयरिकींनंतर सिद्दी वंशाच्या सगळ्यांचेच केस असे असतात असे नाही. आमच्या दुल्हनचे चारही भाऊ सरळ केसांचे. केस कुणाच्या वाट्याला कसे यावेत, हे अल्लाहच जाणे.

आता आमच्या चुका सांगतो. पहिली चूक अकीक्यानंतरची. सातव्या दिवशी जावळ काढले, ते सुन्नतप्रमाणे झाले. पण केस पुन्हा कुरळेच आले, म्हणून घरातल्या मोठ्यांनी वर्षभरात आणखी दोनदा वस्तरा फिरवायला लावला. "मुंडण केले की सरळ आणि दाट येतात," हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळते. तसे काही होत नाही. केसाचा आकार कातडीच्या आत, केसाच्या मुळाशी ठरतो. मुळाची नळी सरळ असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी असेल तर केस वळत वळत बाहेर पडतो आणि त्याचा आडवा छेदही गोल न राहता चपटा होतो. वस्तरा मुळापर्यंत पोहोचतच नाही, मग तो आकार काय बदलणार?

दुसरी चूक रोजची होती, आणि जास्त दुखणारी. सकाळी शाळेची घाई. कोरडे केस, हातात बारीक दातांचा कंगवा, आणि डोक्यापासून खाली जोराने ओढणे. पोर रडायची, आम्ही ओरडायचो. "अगं, हे केस आहेत की काथ्या?" असे आमच्यातली एक एकदा म्हणून गेली. कोण ते इथे लिहीत नाही, पण ती अजून पस्तावते. शाळेच्या डायरीतही 'केस नीट विंचरून पाठवावेत' असा शेरा आला. मुलगी मुकाट्याने ऐकत होती आणि मनात ईदीचा हिशेब करत होती.

असल्या डब्यात काय असू शकते, हे मुरूडवालीला चांगले ठाऊक होते. निकाहाच्या आधी, सासरच्या लोकांना बरे दिसावे म्हणून, तिने एका पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. टाळूला आग होत होती, तर "होतेच तेवढे" असे उत्तर मिळाले. तीन महिन्यांत कानामागचे केस मुळापासून तुटून हातात येऊ लागले. केस कायमचे सरळ करणारी रसायने केसाच्या आतले बंध तोडतात. काहींमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे कॉस्टिक सोडा. काही 'केराटिन' म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारांत उष्णतेने फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, आणि फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. अमेरिकेत सुमारे ३३,५०० स्त्रियांची जवळजवळ अकरा वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले. ज्यांनी अशी उत्पादने कधीच वापरली नव्हती, त्यांच्यात वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के निघाले. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. एका पाहणीने सगळे सिद्ध होत नाही, हे खरे. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या टाळूवर हे लावायचे नाही, एवढे ठरवायला आम्हाला ते पुरेसे वाटले.

डबा दुकानदाराने परत घेतला नाही. ईदीचे पैसे आम्ही भरून दिले. आणि त्या रविवारपासून पोरीच्या केसांची निगा नव्याने शिकायला लागलो. कामठीवाली शिकणारी, मुरूडवाली अर्धी शिकणारी, अर्धी आठवणारी. कारण तिच्या नानीचे हात तिला आठवत होते, कृती नव्हती.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागली, बाकी सगळे तिच्यावरच उभे आहे. असे केस कोरडे असतात. टाळूतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जाते. स्प्रिंगसारख्या केसावर ते पहिल्या एक-दोन वळणांतच अडकते. शिवाय प्रत्येक वळण ही केसाची कच्ची जागा, ओढले की तिथेच तुटतो. दिसायला राठ आणि मजबूत, पण हाताळायला रेशमापेक्षा नाजूक. म्हणून सरळ केसांचे नियम इथे उलटे करावे लागतात: धुणे कमी, पाणी जास्त, कंगवा क्वचित.

आम्ही आठवड्यातून एकदाच केस धुतो. आदल्या रात्री खोबरेल लावतो. खोबरेलाबद्दल आपल्या आज्या म्हणायच्या ते उगीच नव्हते. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातल्या प्रथिनांची झीज कमी करणारे तेल त्यात एकटे खोबरेल निघाले, कारण ते केसाच्या आत शिरते. मात्र तेल म्हणजे ओलावा नव्हे. कोरड्या केसांवर तेल थापले की कोरडेपणाच आत कोंडला जातो. आधी पाण्याने ओलसर करायचे, मग वरून थोडे तेल. ही साधी गोष्ट कळायला आम्हाला आठ वर्षे लागली.

धुताना डोक्याचे चार भाग करून प्रत्येक भाग क्लचरने वेगळा बांधतो. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. लांबीवर घासायचा नाही, वरून वाहत येणारा फेसच पुरतो. मग हात सैल सोडून कंडिशनर लावायचे आणि ते डोक्यावर असतानाच गुंता सोडवायचा. आधी बोटांनी, नंतर रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. एका भागाला दहा मिनिटे लागली तर लागू द्यायची. कंडिशनर महाग पडत असेल तर रात्रभर भिजवलेली मेथी वाटून, फडक्यातून गाळून घ्या. तिचा बुळबुळीतपणा गुंता सोडवायला छान उपयोगी पडतो. गाळणे मात्र चुकवू नका. आम्ही पहिल्यांदा कंटाळा केला आणि दोन दिवस पोरीच्या डोक्यातून मेथीचे कण वेचत बसलो. शिकेकाईचेही तसेच, पूड चोळायची नाही, उकळून गाळलेले पाणी घ्यायचे.

पाण्याचे काय? आमच्या बोअरचे पाणी जड. पातेल्यात उकळले की तळाला पांढरा थर बसतो, आणि साबण लावला तर फेसाऐवजी चिकट मळी. ती मळी कुरळ्या केसांत बसली की केस काथ्यासारखेच लागतात. म्हणजे दोष केसांचा नव्हताच, बादलीतल्या पाण्याचा होता. अंगाचा साबण डोक्याला लावणे आम्ही बंद केले आणि शेवटचे दोन तांबे उकळून, थंड करून, निवळून घेतलेल्या पाण्याचे ठेवले. पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरी जाऊ देऊन पागोळ्यांखाली बादली लावतो. आरओ मशीनच्या नळीतून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र केसांना घेऊ नका. वाया जाऊ नये म्हणून आम्ही ते घेत होतो, आणि त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशीला ठीक.

केस पुसायला टॉवेल नाही. जुनी मलमलची ओढणी किंवा जुना सुती टी-शर्ट गुंडाळून दाबायचा, चोळायचा नाही.

यानंतर जवस. विदर्भातल्या घरात जवस नाही असे होत नाही. चटणीला असतेच, आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर वर्षानुवर्षे काम झालेले आहे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट होते. लगेच उतरवा आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळा. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही, पिळून पिळून हात दुखतात. हा घरचा जेल फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. वास बदलला की टाकून द्यायचा. ओल्या केसांवर बोटांनी लावला की प्रत्येक वळण सुटे दिसते आणि सुकल्यावरही मोकळे राहते. बाजारातल्या महागड्या बाटलीची आठवण आम्हाला त्यानंतर झाली नाही.

आता बांधण्याविषयी. या केसांना शाळेच्या दोन लोंबत्या वेण्या जमत नाहीत. त्या लोंबत नाहीत, वर उठून बसतात, आणि वर्गात हसू होते. आम्ही दोन पेडांचा पीळ घालतो. केसांचे आठ भाग करायचे, प्रत्येक भागाचे दोन पेड एकमेकांवर दोरीसारखे वळत टोकापर्यंत न्यायचे. टोके आपोआप गुंडाळून बसतात, रबर लागत नाही. हे पीळ चार-पाच दिवस टिकतात, त्यामुळे रोज सकाळची झटापट संपली. शाळेसाठी चार पीळ या बाजूला आणि चार त्या बाजूला एकत्र करून रिबिनी बांधल्या की झाल्या दोन वेण्या. सुट्टीच्या दिवशी पीळ उलगडले की केस लाटालाटांनी फुलतात; पोर आरशासमोरून हटत नाही. डोक्याला चिकटून, शेतातल्या सऱ्यांसारख्या बारीक वेण्याही घालता येतात, पण त्याला सराव हवा. आमची पहिली सरी नाकाच्या रेषेत सुरू होऊन कानाकडे गेली होती.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. वेणी, पीळ किंवा बुचडा घट्ट ओढून बांधू नका. कपाळाशी आणि कानशिलाशी बारीक पुटकुळ्या आल्या, टाळू दुखू लागली, भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, की ते घट्ट झाले आहे असे समजा. असा ताण वर्षानुवर्षे राहिला तर कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, आणि उशीर झाला तर तिथे केस पुन्हा येत नाहीत. सरळ केसांच्या बायकांनाही हे होते. हिजाबाखाली रोज एकाच जागी घट्ट बुचडा बांधणाऱ्या बहिणींनी आरशात एकदा पाहून घ्यावे. कामठीवालीने पाहिले, आणि बुचड्याची जागा बदलली.

हिजाबाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सुती कापड केसांतला ओलावा शोषते आणि कुरळ्या केसांना घासते. आम्ही नागपूरला गांधीबागेतून सॅटिनचा कटपीस आणला, मुलीसाठी आतली टोपी शिवली आणि उरलेल्यात दोन उशांचे अभ्रे झाले. ओले केस झाकून बाहेर जायचे नाही. वास येतो आणि टाळूला खाज सुटते. आमच्याकडे धूळही असतेच, कोळशाच्या ट्रकांची आणि राखेची. स्कार्फ त्या बाबतीत उपकारकच ठरतो.

वुजू आणि गुस्लची शंका काही बहिणींना येते, तशी आम्हालाही आली. पीळ घातले तर गुस्लच्या वेळी सगळे सोडायचे का? हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता की, मी केस घट्ट गुंफते, ते सोडू का, आणि सोडण्याची गरज नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घेणे पुरे, असे उत्तर त्यांना मिळाल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. पाणी मुळांपर्यंत पोहोचवायचे, एवढे ध्यान ठेवावे. दुसऱ्या माणसाचे केस आपल्या केसांना जोडण्याची मनाई स्पष्ट आहे. लोकरीच्या किंवा रेशमाच्या धाग्यांबाबत आलिमांत मतभेद आहेत, तेव्हा आपापल्या आलिमांना विचारून घ्या. आम्ही साध्या रिबिनीवरच थांबलो.

उवांचे काय, हे विचारायला लाजू नका. शाळेत जाणाऱ्या मुलीला त्या कधीतरी होतातच. अशा केसांत कोरडी फणी घातली तर केसच तुटून येतील. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावायचे, बारीक भाग करायचे आणि मग फणी. वेळ जातो, पण होते. केस अचानक झडू लागले किंवा टाळूवर गोल चट्टे पडले तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्या बायका-मुलींत रक्त कमी असणे काही नवीन नाही, आणि थायरॉइडही केसांतून बोलतो.

शाळेतही आम्ही दोघी जाऊन आलो. बाईंना सांगितले की हे केस विंचरलेलेच आहेत, त्यांची ठेवण अशी आहे. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी असे केस जवळून पाहिलेच नव्हते. पीळ पाहून त्यांनी हात लावू का असे विचारले, आणि मुलीने हो म्हटल्यावरच लावला. अमेरिकेत तर यासाठी कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये, केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून आणि वेण्यांवरून शाळेत किंवा नोकरीत कुणाशी भेदभाव करता येणार नाही, असा नियम केला. आमचे काम दहा मिनिटांच्या बोलण्यात झाले. डायरीतला शेरा पुन्हा आला नाही. मुलांनी मात्र चिडवणे लगेच सोडले नाही, अजूनही कुणीतरी 'मॅगी' म्हणतोच. त्यावर आमच्याकडे औषध नाही. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे, ते आम्ही तिला समजावून सांगितले. तिने ऐकले, मग विचारले, "केस पण?" आम्ही म्हटले, केस पण.

रविवारची दुपार आता ठरलेली आहे. झोहरची नमाज झाली की पोर पाटावर बसते. डावी बाजू कामठीवालीची, उजवी मुरूडवालीची. डावीकडचे पीळ अजूनही थोडे जाड होतात. आपा जेल गाळते, आणि स्वतःच्या सरळ केसांतही पीळ घालून द्या म्हणून हट्ट करते; तिचे पीळ तासाभरात सुटतात आणि ती रुसते. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, पलंगावर बसून हे पाहत असतात. वस्तऱ्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढलेली नाही. मागच्या रविवारी मात्र त्यांनी जवसाचे पातेले गॅसवरून स्वतः उतरवले आणि म्हणाल्या, "लवकर गाळा, थंड झाले तर निघणार नाही."